आधी छप्पर, मग बाकीचं

बाय, एसटी स्टँडवर झोपणाऱ्या माणसांसाठी आता तू उभी राहणार म्हणालीस, ते ऐकून मला फार बरं वाटलं आणि काळजीही वाटली. बरं अशासाठी की जिनं स्वतः फलाटावर पाठ टेकली आहे ती या माणसांविषयी बोलते तेव्हा ते ऐकीव नसतं. काळजी अशासाठी की नशेतून बाहेर आल्यानंतरची पहिली वर्षं कशी असतात ते मला ठाऊक आहे. अंगात बळ येतं, दिसेल त्याला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटतं आणि आपण स्वतः अजून काठावरच उभ्या आहोत याचा विसर पडतो. मीही याच वाटेनं आले. दारू, मुंबई, स्टेशनं, पुण्यातले उपचार आणि शेवटी पुन्हा आपलं म्हसळा. त्या दिवसांचं वर्णन तुला काय करायचं, ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. मोठ्या बहिणीच्या नात्यानं पुढचं सांगते.

तुझ्यामाझ्यासारख्यांनी हे काम करणं नवं नाही. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेलेला एक शेअर दलाल, बिल विल्सन, परक्या गावात एकटा पडला. धंद्याचं काम फसलं होतं, दारूची ओढ लागली होती. त्यानं गावातल्या चर्चना फोन करून विचारलं, माझ्यासारखा दारूत अडकलेला कुणी इथे आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. डॉ. बॉब नावाचा सर्जन भेटला. त्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. विल्सन तिथे कुणाचा उद्धार करायला गेला नव्हता. स्वतःचा तो एक दिवस दारूविना जावा म्हणून त्यानं दुसरा माणूस शोधला. आपल्याकडे फादर ज्यो परेरा स्वतः दारूच्या आजारातून उठले आणि 1981 मध्ये वांद्र्याला त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दवर, म्हणजे ब्राऊन शुगरवर, लेखमाला लिहिली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 1986 मध्ये डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण उभं केलं. तिथली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे बरं होऊन गेलेल्यांनाच तिथे कामाला ठेवलं गेलं. दत्ता श्रीखंडे हे एकेकाळी गर्दच्या विळख्यात होते. तिथेच सुटले आणि पुढे तिथलेच जुने कार्यकर्ते झाले. तुषार नातूंनी ‘नशायात्रा’मध्ये आपली नशेची वर्षं लपवाछपवी न करता लिहिली. बायकांसाठी मुक्तांगणनं ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला. तुला लाज वाटेल तेव्हा ही माणसं आठव. त्यांनी आपला भूतकाळ कामाला लावला.

पण बाय, काम म्हणजे उपचार नव्हे. तुझी व्यसनमुक्तीची मीटिंग चुकवायची नाही. इथून जाणं जमत नसेल तर फोनवरची कर. ज्या दिवशी भूक लागली आहे, राग आला आहे, एकटं वाटतंय किंवा फार दमली आहेस, त्या दिवशी स्टँडवर जायचं नाही. पिऊन बसलेल्या माणसाकडे रात्री एकटीनं जायचं नाही. बरोबर कुणी तरी हवंच, आणि ते ज्यानं कधी प्यायली नाही असं माणूस असलं तर उत्तम. त्या वासानं तुझ्या पोटात काय होतं ते तुझं तुलाच कळेल. ओढ लागली तर तिथल्या तिथे निघून यायचं, समोरच्याला काय वाटेल याचा विचार करायचा नाही.

दुसरं, तुझी कहाणी. लोक ती मागणार. कार्यक्रमात बोलवतील, शाल देतील आणि मग हळूच विचारतील, रात्री कुठे झोपायचात, पोलीस काय करायचे, पुरुष त्रास द्यायचे का? या प्रश्नांची उत्तरं देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. म्हसळा केवढं आहे ते तुला माहीत आहे. स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत जायच्या आत गोष्ट तुझ्या आईच्या कानावर पोचते. तुझ्या कहाणीत तुझी आई आहे, धाकटी बहीण आहे, तिचं उद्याचं लग्न आहे. त्यामुळे आधी घरी बसून ठरव की कोणता भाग बाहेर जाईल आणि कोणता नाही. आणि जे सांगशील ते एवढ्यासाठीच सांग की ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळावं. मी कुठे सांगायची वेळ आलीच तर एका दवाखान्यातल्या परिचारिकेचं सांगते. तिनं जखम धुताना माझं नाव विचारलं, गाव विचारलं, मी म्हसळा म्हटल्यावर कुठलं आडनाव ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी समाजसेवा विभागातल्या बाईंना माझ्याकडे पाठवलं. याहून जास्त मी कुणाला सांगत नाही. एवढ्यातून ऐकणाऱ्याला करण्याजोगं काही तरी मिळतं.

आता मुख्य गोष्टीवर येते. तू या लोकांसाठी तोंड उघडलंस की पहिलं वाक्य कानावर पडेल ते हे: ‘आधी दारू सोडू दे, मग बघू.’ घरचे म्हणतील, शेजारचे म्हणतील, निवाऱ्याच्या दारावरही हेच ऐकू येईल. तुला या एका वाक्याशी झगडायचं आहे. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

रस्त्यावर माणूस का पितो ते तू सांगू शकतेस, दुसरं कुणी सांगू शकणार नाही. थंडी वाजते म्हणून, भूक मरते म्हणून, आणि मुख्य म्हणजे झोप लागावी म्हणून. शुद्धीत असताना उघड्यावर झोप येत नाही. बाईमाणसाला तर रात्री झोपायचंच नसतं. चालत राहायचं, दवाखान्याच्या बाकावर पेशंटची नातेवाईक असल्यासारखं बसायचं आणि दिवसा लोकलच्या बायकांच्या डब्यात डोळा लावायचा. जिला रात्रभर जागायचंय तिला तू सांगणार, आधी सोड? डोक्यावर छप्पर नसताना नशा सोडलेली माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. छप्पर, दोन वेळचं जेवण आणि आतून लावता येईल अशी कडी मिळाल्यावर सुटलेली मात्र पुष्कळ पाहिली.

हे मी एकटीच म्हणते असं नाही. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1992 मध्ये रस्त्यावरच्या, मनानं आजारी आणि नशेत असलेल्या माणसांना कुठलीही अट न घालता थेट खोल्या द्यायला सुरुवात केली. उपचार नंतर, तेही त्यांच्या मर्जीनं. बहुतेक जण त्या खोल्यांमध्ये टिकून राहिले. फिनलंडनं 2008 पासून तेच धोरण देशभर राबवलं, मोठी रात्रनिवारा घरं बंद करून त्यांच्या छोट्या छोट्या खोल्या केल्या, आणि वर्षानुवर्षं बेघर असलेल्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट 1995 पासून रस्त्यावर राहून नशा करणाऱ्यांमध्ये काम करतो. जखम बांधायला किंवा दोन घास खायला आलेल्याला तिथे आधी सोडून ये असं म्हणत नाहीत.

पण म्हसळ्यात तुला फिनलंड सांगून चालायचं नाही. इथे निसर्ग चक्रीवादळाचं सांग. 3 जून 2020. दुपारी ते वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर शिरलं आणि श्रीवर्धन-म्हसळ्यातल्या किती घरांवरची कौलं-पत्रे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय. आदल्या दिवसापासून किनाऱ्याजवळच्या हजारो लोकांना शाळांत, समाजमंदिरांत हलवलं होतं. ज्यांचं छप्पर गेलं ते कुणाच्या पडवीत, कुणाच्या मशिदीत, कुणाच्या देवळात राहिले. त्या वेळी दारात आलेल्या माणसाला कुणी विचारलं का, तू पितोस का, कामधंदा करतोस का, तुझी ही अवस्था तुझ्याच चुकीनं झाली का? नाही विचारलं. आधी आत घेतलं. म्हणजे आपल्या गावाला हे येतं. गावाला एवढंच पटवायचं आहे की स्टँडवरच्या त्या माणसाचं छप्पर वेगळ्या वादळात गेलं आहे. आणि त्या वादळाचीही नावं आहेत. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यात कोकणातले केवढे तरी. संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि पैसे पाठवणारा चाकरमानी रिकाम्या हातानं घरी आला. काही जण शेतीला लागले, काही दारूला, आणि काही आलेच नाहीत. ते मुंबईच्या फुटपाथवरच राहिले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांहून जास्त माणसं बेघर नोंदली गेली. रात्री चालत राहणाऱ्या बाईची त्यात नोंद झाली असेल असं मला वाटत नाही.

आणि हेही बोलायला घाबरू नकोस: आपल्या तालुक्यातली किती तरी चांगली घरं वर्षातले दहा-दहा महिने बंद असतात. मालक मुंबईत, नाही तर आखातात. त्यांच्या मेहनतीची घरं आहेत, कुणाचं कुलूप तोडा असं मी म्हणत नाही. पण घराला घरपण राहावं, साफसफाई व्हावी म्हणून राखणीला माणूस ठेवणारे मालक असतात. सावरलेल्या माणसाला असं काम मिळवून देणं हे तुझ्यासारखीला जमेल. त्यासाठी जामीन राहायला गावातली चार वजनदार माणसं लागतील, आणि ती मिळायला वेळ लागेल.

इथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. ‘आधी छप्पर’ याचा अर्थ ‘आधी बायकोनं दार उघडावं’ असा नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला, घरातली भांडी विकणाऱ्या मुलाला घरात घेणं हे त्या घरच्या बाईचं कर्तव्य आहे असं तू कधीही म्हणू नकोस, आणि कुणी म्हटलं तर तिच्या बाजूनं उभी राहा. तिनं पुष्कळ सोसलेलं असतं. मुक्तांगणमध्ये अशा बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो, त्यांनाही कुणी तरी ऐकणारं लागतं. छप्पर देण्याची जबाबदारी गावाची आहे, नगरपंचायतीची आहे, सरकारची आहे. त्या एका थकलेल्या बाईच्या उंबरठ्यावर सगळा भार टाकून आपण मोकळं व्हायचं, हे मला मुळीच मान्य नाही.

सरकारकडे काय मागायचं, तेही नीट समजून घे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये ठरवून दिलं की शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे बेघरांसाठी एक निवारा हवा आणि तो बाराही महिने, चोवीस तास उघडा हवा. पुढे केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात शहरी बेघर निवारा योजना आली. त्यात दर माणसामागे किमान 50 चौरस फूट जागा धरली होती. आता आपल्या नगरपंचायतीची वस्ती किती? लाखाच्या हिशेबात म्हसळा बसतच नाही. श्रीवर्धन बसत नाही, माणगाव बसत नाही. म्हणजे गाव लहान असलं की कागदावर तिथे बेघर माणूसच नाही. पण कोकणातल्या पावसात चार महिने स्टँडच्या पत्र्याखाली काढणं मोठ्या शहरातल्या फुटपाथपेक्षा सोपं असतं का? म्हणून तू मोठा निवारा मागू नकोस. एक खोली माग. संडास-बाथरूम असलेली, बायकांसाठी आतून बंद होणारी वेगळी जागा असलेली, रात्री एक माणूस राखणीला असलेली, आणि दारावर दारूची अट नसलेली. आत दारू आणायची नाही, मारामारी करायची नाही, एवढे नियम पुरे.

नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत तुला बोलता येणार नाही. विषय नगरसेवकानंच आणावा लागतो. त्यामुळे आधी तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेट, मग मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज दे. अर्ज दोन प्रतींत करायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचाच. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पोलिसांशी बोलताना 2017 चा मानसिक आरोग्य कायदा लक्षात ठेव. त्याचं कलम 100 असं सांगतं की मनानं आजारी असलेला माणूस भटकताना दिसला, स्वतःची काळजी घेऊ शकत नसला, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही आणि जास्तीत जास्त 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून एफआयआर नोंदवून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही पोलिसांचंच काम. या कायद्यात मनाच्या आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकारही धरले आहेत. हे ठाण्यात नम्रपणे, कलमाच्या आकड्यासकट सांग. सगळेच पोलीस वाईट नसतात. पुष्कळांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. उलट बाजूला 1959 चा भीक मागण्यास बंदी करणारा कायदा आपल्या राज्यात अजून आहे. त्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं, आणि उपजीविकेचं साधन न दिसता भटकणारा माणूसही त्याच्या व्याख्येत सापडतो. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. चेंबूरच्या भिक्षेकरीगृहात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ प्रकल्पानं बरंच काम केलं आहे. आत डांबलेल्या माणसांना हुनर शिकवणं, कामाला लावणं, घरी पोचवणं. म्हणून कुणी सहज म्हणालं की याला उचलून द्या कुठे तरी, तर आधी विचार, कोणत्या कायद्याखाली आणि कुठे. वकील लागला तर बायकांना, मनानं आजारी असलेल्यांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो.

कागदपत्रांचंही बघ. कागद नसलेल्या माणसाला रेशन नाही, पेन्शन नाही, दवाखान्यातही अडवणूक. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला घराचा पुरावा लागत नाही. अर्जात तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि तो खरंच तिथे झोपतो का हे निवडणूक आयोगाच्या माणसानं रात्री येऊन पाहायचं, असा आयोगाचाच नियम आहे. मला हा नियम फार आवडतो. देशाच्या एका माणसाला कुणी तरी रात्री बघायला यावं, हे त्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या कातकरी कुटुंबांनाही कागदांची हीच अडचण येते. पावसाळा संपला की वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जायचं, परतल्यावर वाडीची जमीन आपल्या नावावर नाही म्हणून बिऱ्हाड केव्हाही उचलावं लागेल ही भीती. ते स्टँडवर दिसत नाहीत, म्हणून त्यांना घर आहे असं समजू नकोस. माणगावकडे उल्का महाजनांच्या सर्वहारा जन आंदोलनानं 1990 पासून हाच प्रश्न लावून धरला आहे. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आता जिवाशी येणाऱ्या गोष्टी सांगते, त्या नीट ऐक. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद करायची नाही. खोलीत कोंडून, हातपाय धरून तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी थरथर, घाम, उलट्या. दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भास होतात, माणूस भलतंच बडबडू लागतो, आणि त्यात जीवही जातो. त्याला डॉक्टर लागतो, औषध लागतं, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात. गर्दवाल्याची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, वेगळी. ती भयंकर असते, पण सहसा त्यात माणूस मरत नाही. मरतो तो नंतर, महिनाभर बंद ठेवून पुन्हा आधीइतकीच मात्रा घेतली की. शरीराची सवय गेलेली असते. उपचाराहून परतलेल्या प्रत्येकाला हे सांग, त्याच्या घरच्यांना सांग. आणि ‘न कळत चहातून द्या, दारू सुटेल’ अशी पुडी कुणी विकत असेल तर तिच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. अशा पुडीत दारूशी वैर करणारं औषध असलं आणि त्यावर तो माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. तीस वर्षांच्या माणसालाही हृदय दगा देऊ शकतं. सरकारची व्यसनमुक्तीची फुकट फोनसेवा 14446 आणि मनाच्या आजारासाठीची टेलिमानस 14416 हे दोन्ही नंबर पाठ करून ठेव; टाकून दिलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी 14567 आहे.

मनानं पार हरवलेला माणूस असेल तर आपल्याच जिल्ह्यात, कर्जतला, श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्यानं एक तरुण नारळाच्या करवंटीनं गटाराचं पाणी पिताना पाहिला, त्याला दवाखान्यात आणलं, आणि तो बरा झाल्यावर कळलं की तो पदवीधर आहे. त्यातून 1988 मध्ये हे काम सुरू झालं. 2006 पासून कर्जतला केंद्र आहे, 2018 मध्ये डॉ. वटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची पद्धत मला पटते, कारण ते माणसाला तिथे कायमचं ठेवून घेत नाहीत. उपचार करतात, बोलता झाला की गाव विचारतात, आणि हजार मैल लांब असलं तरी घरी नेऊन पोचवतात. पनवेलला सील आश्रम आहे, सिंधुदुर्गात पणदूरला संदीप परब यांच्या जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम आहे, अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माउली आहे, ते खास रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी. आधी फोन कर, जागा आहे का विचार, पोलिसांची नोंद करून घे, मगच गाडी काढ. रात्री दारात माणूस सोडून पळणारे लोक असतात. त्यातले आपण व्हायचं नाही.

आणि नाव ऐकून कुठेही पाठवू नकोस. स्वतः जाऊन बघ. कुलूप आहे का, मारतात का, साखळी आहे का, डॉक्टर किती वेळा येतो, घरच्यांना भेटू देतात का. मला एका ठिकाणी असं बांधून ठेवलं होतं, त्या जागेचं नाव मी घेणार नाही, पण मनगटावरची खूण तू पाहिली आहेस. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळदंडानं बांधलेली 28 माणसं पळूच शकली नाहीत, जळून गेली. आता 2017 च्या कायद्याचं कलम 95 साखळीला साफ बंदी घालतं. अशी जागा दिसली तर गप्प बसायचं नाही.

स्टँडवर गेलीस की आधी नाव विचार, तुझंही सांग. चहा घे, त्यालाही दे, आणि बस. पहिल्याच भेटीत सोडण्याबद्दल बोलू नकोस. पैसे देऊ नकोस, पण कोरडे कपडे दे, जखमेकडे बघ, पाय सुजलेत का बघ. मोबाईल काढून फोटो घेऊ नकोस, आणि जेवण वाटताना फोटो काढणाऱ्या मंडळींनाही थांबव. तो फोटो उद्या त्याच्या मुलीच्या सासरी पोचतो. त्याला कुठे न्यायचं ते त्याला विचारून ठरव. नको म्हणाला तर परवा पुन्हा जा. मीही दोनदा नको म्हटलं होतं.

काही जण पुन्हा पितील. ज्याच्यासाठी तू धावाधाव केलीस तो उपचारातून पळून येईल आणि गाव तुला म्हणेल, बघ, सांगितलं होतं ना. त्या दिवशी तू वाद घालू नकोस. पुन्हा पिणं हा या आजाराचाच भाग आहे. मधुमेहाच्या माणसाची साखर पुन्हा चढली म्हणून कुणी त्याचं औषध बंद करत नाही. काही जण मरतीलही. त्यांची ओळख पटावी, नातेवाइकांपर्यंत निरोप जावा, बेवारस म्हणून जाळलं-पुरलं जाऊ नये, एवढं तरी तुझ्या हातून होऊ शकतं. आणि तेही थोडं नाही.

तर या सोमवारी नगरसेवकाला भेट, अर्ज लिही, माझी सही लागली तर माझीही घे. पाऊस सुरू व्हायच्या आत ती एक खोली मिळाली पाहिजे. अर्जाची पोच हातात आली की मला फोन कर. मुख्याधिकाऱ्यांकडे जाताना मी तुझ्याबरोबर येणार आहे.